बदकाचे एकवीस दिवस

उजव्या हाताचा पंजा समोरच्याच्या छातीपुढे उभा धरायचा, मान जराशी तिरपी करायची आणि हळू आवाजात म्हणायचं, "थांब भाऊ." आबांनी एवढं केलं की माणूस जागच्या जागी थांबे. मी त्यांना पहिल्यांदा भेटलो तेव्हा मलाही त्यांनी असंच थांबवलं होतं, आणि तेही जे घर सरकारी कागदावर माझं झालं होतं त्याच्याच दारात.

भुसावळच्या रेल्वे कॉलनीत आबा पॉइंट्समन होते. उभा जन्म त्यांनी यार्डात रूळ बदलून गाड्यांना वाट करून दिली. मूळचे पारोळ्याकडचे, त्यामुळे बोलणं अस्सल अहिराणी. ते निवृत्त झाले आणि त्यांचं क्वार्टर ऑफिसात टंकलेखक असलेल्या मला मिळालं. म्हणजे आमची ओळखच मुळी ते जाणार आणि मी येणार अशी होती. अशा ओळखीत माया वाढायला फारसा वाव नसतो.

"घर बघायचं होतं," मी म्हणालो.

"देख ना. पन मांगला आंगनमा जाऊ नको. बठेल शे."

कोण बसलं आहे ते मला कळेना. घरात बाईमाणूस नव्हतं. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मुलगा-सून धुळ्याला राहत होते. मी खिडकीतून मागच्या अंगणात डोकावलो. कोळसा ठेवायच्या छोट्या खोपटात एका टोपलीत पांढरं बदक बसलं होतं आणि माझ्याकडे असं पाहत होतं की क्वार्टरचा खरा ताबा त्याच्याकडेच असावा.

तुम्ही कॉलनीत राहिला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, बदलीची ऑर्डर आली की लोक काय काय मागे टाकून जातात. तुळशीची कुंडी, मोडका पाळणा, कुत्रं, मांजर. आमच्या कॉलनीत हे सगळं आबांच्या दारात येई. जाणारा माणूस ओशाळून उभा राही आणि आबा म्हणत, "राहू द्या, माले काय जड शे?" बदकही असंच आलेलं. लांब बदली झालेल्या एका ड्रायव्हरच्या बायकोनं नर-मादीची जोडी आबांच्या पदरात टाकली होती. नर कुत्र्यानं नेला. पण त्याआधी मादीनं अंडी घातली होती, नऊ, आणि ती त्यांच्यावर बसली होती.

"एकवीस दिन," आबा म्हणाले. "बाविसावा दिन किल्ली तुना हातमा."

एकवीस दिवस हे मलाही मान्य होतं. आमच्या खानदेशात अंडी उबवायला एकवीस दिवस लागतात हे कोंबडी न पाळणाऱ्यालाही माहीत असतं. आबांनी खोपटाच्या भिंतीवर खडूनं रेघा मारायला सुरुवात केलीच होती. त्या दिवशी पाच रेघा होत्या. मी हिशेबी माणूस. हाताशी चार दिवस जास्तीचे ठेवले आणि सव्विसाव्या दिवशी नव्या घरात सत्यनारायण धरला. गावात एका खोलीत आम्ही तिघं, मी, बायको आणि आई, उन्हाळ्यात शिजत होतो. घाई मला होती, आणि ती खोटी नव्हती.

खरी अडचण आईची होती. ती रावेरकडची, केळीवाल्या घरातली, गळ्यात माळ. बदकाचं कळल्यावर तिनं पोथी मिटली आणि म्हणाली, "अंडे असतीन त्या घरात मी पाय नही ठेवत." मग तिला समजवायच्या भानगडीत मी पडलो नाही. अंडी जातील की तोवर, असं माझं चाललं होतं.

त्या दिवसांत मी तिथे बऱ्याचदा गेलो. कधी खिडक्यांची मापं घ्यायला, कधी नळ बघायला, आणि खरं सांगायचं तर आबा खरंच जातात ना हे बघायला. एकदा बायकोलाही घेऊन गेलो. आबांनी तिला आत घेतलं आणि मला दारात थांबवलं. "सेक्शनमा एकच गाडी," म्हणाले. ती बाहेर आली तेव्हा मी आत.

बदकासाठी त्या माणसानं काय केलं नाही? वैशाखातलं भुसावळ, पत्रा हाताला चटका देई. आबांनी खोपटाच्या दाराला गोणपाट टांगलं होतं आणि दर तासाला ते ओलं करत. पाण्याचं घमेलं टोपलीपासून सात-आठ पावलांवर ठेवलेलं, जवळ नाही. "उठीन तिनी अंग भिजाडाले पाहिजे. वल्ली व्हईसन बठनी का आंडाले बरं." बदक दिवसातून एकदा उठे, आपल्याच छातीची पिसं अंड्यांवर ओढून घेई, घमेल्यात डुंबे आणि निथळत परत बसे. तेवढ्या वेळात आबा काठी घेऊन खोपटाशी उभे, मुंगसासाठी आणि कावळ्यांसाठी. आणि संडास अंगणाच्या पलीकडे होता म्हणून हा गृहस्थ पुढच्या दारानं बाहेर पडून, अख्ख्या चाळीला वळसा घालून, मागच्या फाटकानं स्वतःच्या संडासात जाई. भर उन्हात, टमरेल हातात. कॉलनी हसायची. मीही हसलो.

विजेच्या कडकडाटानं अंडी वाया जाऊ नयेत म्हणून आपल्याकडे टोपलीत लोखंडी खिळा ठेवतात. आबांनी चिंधीत गुंडाळून रुळाचा खिळा ठेवला होता, वीतभर लांब. मी म्हटलं, "आबा, या खिळ्यावर अख्खा वळीव परत जाईल." ते हसले नाहीत. "आंडा ताजा शेत तठलोंग भीती," म्हणाले. म्हणजे अंडी ताजी आहेत तोवर विजेची भीती.

एकविसावी रेघ मारली गेली. काही झालं नाही. बाविसाव्या दिवशी किल्ली मिळाली नाही. तेविसाव्या दिवशी मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, "आबा, अजून कशाची वाट बघायची? अंडी वाया गेलीत."

त्यांनी मला न्हाणीघरात नेलं आणि दार लावलं. दुपारचीच वेळ होती, पण आत काळोख. त्यांची जुनी हातबत्ती पेटवून ठेवलेली होती, लाल-हिरव्या काचांची. पांढऱ्या काचेसमोर त्यांनी एक अंडं धरलं.

"देख. हाली ऱ्हायनं."

मी पाहिलं. अंड्यात काळा गोळा होता, आणि त्याच्या कडेला काहीतरी एकदा, दोनदा सरकलं. झोपेत कूस बदलावी तसं. मला ते स्पष्ट दिसलं.

"माले समजत नही भाऊ," आबा म्हणाले. बत्तीच्या उजेडात त्यांचा चेहरा फार म्हातारा वाटला. "जित्ता शे. मंग निंघत काब्र नही? तू शिकेल शे. तुले काय वाटस?"

तुम्ही माझ्या जागी असता तर काय म्हणाला असता, मला माहीत नाही. मी म्हणालो, "दिवस उलटून गेले आबा. आतल्या आत मरेल ते. आता नाही निघायचं." तीन दिवसांवर आलेल्या पूजेचा शिधा घरी येऊन पडला होता, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मला अंड्यांतलं काडीचंही कळत नव्हतं. पण मी टाइप करतो तशा ठाम आवाजात ते बोललो. आबांनी अंडं दोन्ही हातांत घेतलं आणि बत्ती विझवली.

चोविसाव्या दिवशी सकाळी मी चुना मारणारे पाठवले. आबांना न विचारता. मी पोहोचलो तेव्हा चुन्याच्या बादल्या अंगणात रटरटत होत्या, शिड्या खडखडत होत्या आणि बदक टोपली सोडून फाटकाशी ओरडत फिरत होतं. आबा खोपटाच्या दारात पंजा उभा धरून बसले होते, पण त्यांच्यासमोर थांबायला कोणी नव्हतं. चुनेवाले मजुरीची माणसं, त्यांना काय ठाऊक. त्यांनी खडूच्या रेघांवरूनही ब्रश फिरवला होता.

आबा माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मी निंघस भाऊ. दुपारनी गाडी शे."

त्यांनी टोपलीत पिसांवर कापूस पसरला, नऊ अंडी ठेवली, खिळाही ठेवला. बदक पिशवीत. त्यांची ट्रंक मी उचलली. एवढं मात्र केलं. चाळीसगावला गाडी बदलून धुळ्याला जायचं होतं आणि बाहेर ऊन मी म्हणत होतं. डब्यात आबांनी टोपली मांडीवर घेतली, बदकाला बाहेर काढलं आणि अंड्यांवर ठेवलं. ती धडपडली, दोनदा उठली. मग त्यांनी आपली जुनी हिरवी झेंडी काढली, नळाखाली भिजवून आणलेली, आणि तिच्या डोक्यावरून पांघरली. ती अंधारात शांत झाली. बसली.

शेजारी एक बाई गाठोडं ठेवायला वाकली. आबांचा पंजा वर गेला. "थांब माय. बठेल शे."

गाडी हलली तरी त्यांचा पंजा तसाच होता. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. मी फलाटावर उगाचच हात हलवत राहिलो.

सत्यनारायण झाला. आई आली, घर छान आहे म्हणाली. मी शिऱ्याचा द्रोण तसाच खाली ठेवला.

पावसाळ्यात ऑफिसात एक बंगाली सहकारी आले. गप्पांत घरच्या तळ्याचा विषय निघाला, तळ्यातल्या बदकांचा निघाला. मी सहज विचारल्यासारखं विचारलं. "कोंबडीला एकवीस," ते म्हणाले, "बदकाला अठ्ठावीस." मी टाइपरायटरवर बोटं ठेवून तसाच बसलो. आणखी चार दिवस. एवढंच आबांनी माझ्याकडे मागितलं असतं, जर त्यांना स्वतःलाच माहीत असतं तर. आणि मी पूजा आठवडाभर पुढे ढकलली असती तर काही आभाळ कोसळणार नव्हतं.

धुळ्याला जायचा मला धीर होत नव्हता. पुढच्या वैशाखात कामानिमित्त जावंच लागलं, तेव्हा पत्ता विचारत गेलो. दार मुलानं उघडलं. मी नाव सांगितलं. तो म्हणाला, "भुसावळचे भाऊ ना? आबा दिवाळीआधी गेले." दोन दिवसांचा ताप, एवढंच.

मी ओसरीवर बसलो. पाणी आलं. मी विचारलं, "अंडी?"

"दोन निघाली. इथे आल्यावर चार दिवसांनी. बाकीची उन्हानं गेली असतील, किंवा प्रवासानं." मग म्हणाला, "आबा तुमचं नाव काढायचे. म्हणायचे, भाऊनी चूक नही, दिन मीच चुकनू."

न्हाणीघरातली बत्ती डोळ्यांपुढे आली. आतलं सरकताना मी पाहिलं होतं, हे मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. त्या मुलालाही सांगू शकलो नाही.

"बदकं आहेत का अजून?" मी विचारलं.

"आहेत की, मागे."

मी उठलो आणि परसाकडे निघालो. आबांची सून भाकऱ्या थापत होती. बदक येणार म्हटल्यावर हिनंच आधी नको म्हटलं होतं, असं मुलगा हसत सांगत होता. माझी पावलं दाराशी आली तशी ती चुलीपुढून झटकन उठली आणि पीठ लागलेला पंजा माझ्या छातीपुढे उभा धरला.

"थांबा भाऊ. बठेल शे."

तिच्या खांद्यावरून मला परस दिसलं. तिथल्या खोपटाच्या दाराला ओलं गोणपाट होतं, सात-आठ पावलांवर घमेलं होतं आणि भिंतीवर खडूच्या रेघा होत्या.

"कितवा दिवस?" मी विचारलं.

"चोविसावा. आजून चार शेत."

मी चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता मागे सरकलो.