हेडफोनमधली बाई

विजेचे मीटर वाचत फिरणाऱ्या त्या माणसाला ऑफिसात सगळे 'शंकासुर' म्हणायचे. उभा जन्म दुसऱ्यांच्या घरांतले आकडे तपासण्यात गेल्याने त्याची नजरच तशी झाली होती. मीटरचं सील जरा सैल दिसलं, की कुणीतरी हात मारलाय. घरातल्या बाईने आपणहून पाणी विचारलं, की नक्की कुठेतरी पाणी मुरतंय.

अशा माणसाची बायको शनिवारी दुपारी आर्ट गॅलरीत जायला लागली, तेव्हा त्याच्या डोक्यात भुंगा शिरला.

"तिथे करता काय तुम्ही सगळ्या?" त्याने जेवताना विचारलं.

"बोलतो. एक मुलगी रेकॉर्ड करते."

"कशाबद्दल?"

"घराबद्दल."

"कुणाच्या?"

"आपापल्या. अहो, वर्कशॉप आहे ते, कोर्ट नाही."

घराबद्दल म्हणजे आपल्याबद्दलच! आपलं घोरणं, झोपण्याआधी पुन्हा पुन्हा उठून कड्या बघणं, भाजीवाल्याने दिलेले सुटे पैसे उजेडात धरून पाहणं... सगळं चव्हाट्यावर!

त्या रेकॉर्डिंगचं प्रदर्शन लागलं तसा तो ड्यूटी संपवून, घरी न सांगता, थेट गॅलरीत धडकला. जुन्या गोदामाची जागा ती. पांढऱ्या भिंती, वरून वायरीला लोंबणारे हेडफोन आणि प्रत्येकाखाली एक स्टूल. ना चित्र, ना पुतळा.

"नावं कुठे लिहिलीत?" त्याने टेबलाशी बसलेल्या मुलीला विचारलं.

"नावं नाहीत, काका. नुसते आवाज."

"का? लपवण्यासारखं आहे काही?"

मुलगी हसली. त्याचा संशय आणखी बळावला.

पहिल्या हेडफोनमध्ये कुणी बाई नवऱ्याच्या घोरण्याबद्दल सांगत होती. आवाज बायकोचा नव्हता. पण हल्ली आवाज बदलता येतात म्हणे. त्याने घोरण्याचं वर्णन कान देऊन ऐकलं. शिट्टीसारखं, म्हणाली. मग आपण नाही. पुढच्यात एक आजोबा जिन्याबद्दल बोलत होते. बायको सापडली ती पार कोपऱ्यात. बोलण्याआधी घसा खाकरायची तिची लकब त्याने लगेच ओळखली.

"सकाळी ह्यांच्या स्कूटरचा आवाज वळणापलीकडे गेला, की मी मागचं दार उघडते."

मागचं दार! त्याने हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबला.

"बाहेर खुर्ची टाकते. वरच्यांच्या नळाचं पाणी बादलीत पडत असतं. शेजारी शिलाई मशीन सुरू होतं. मी काहीच करत नाही. कुणी हाक मारत नाही. मग आत येते आणि भांड्यांना लागते."

संपलं. त्याने पुन्हा ऐकलं, त्या दारातून कुणी येतंय का ते. कुणी आलं नाही. त्याच्याविषयी तक्रारही नव्हती. सबंध बोलण्यात तो होता तो लांब जाणारी स्कूटर म्हणून. सुटलो, असं वाटायला हवं होतं. उलट ओळखीच्या माणसाने रस्त्यात ओळख दाखवली नाही, की वाटतं तसं वाटलं.

घरी आल्या आल्या त्याने सांगून टाकलं, "ऐकून आलो."

बायको कणीक मळता मळता थांबली. "सगळं?"

"सगळं. मी गेल्यावर बरं वाटतं तुला?"

"वाटतं," ती म्हणाली. मग त्याचा उतरलेला चेहरा बघून, "परत आल्यावरही वाटतं. पण ते वर्कशॉपात कुणी विचारलं नव्हतं."

हात-पाय धुऊन तो जेवायला बसला.

प्रदर्शन उठायच्या आधी तो आणखी एकदा गेला, बायकोला न सांगताच. कोपऱ्यातल्या स्टुलावर एक अनोळखी बाई हेडफोन लावून डोळे मिटून बसली होती आणि मधूनच मान डोलावत होती. ती उठायची वाट बघत तो भिंतीला टेकून उभा राहिला. त्यात एवढी मान डोलावण्यासारखं काय होतं? आपल्या ऐकण्यातून काहीतरी निसटलंय, अशी त्याला दाट शंका आली.