निळं बटण आणि जाऊबाईंवरचा आळ

आमच्या घरात लॅपटॉप एकच. शाळा बंद होत्या त्या वर्षी मुलांना शिकवायला म्हणून घेतला, आणि शाळा सुरू झाल्यावर तो बैठकीतल्या टेबलावर कायमचा राहायला आला. सासरे त्यावर सकाळच्या बातम्या पाहतात. माझे यजमान पेरणीच्या दिवसांत हवामान बघतात, जाऊबाई ब्लाउजचे गळे बघतात आणि मी शाळेची हजेरी भरते. कुणाचं खातं वेगळं नाही, कुणाचा पासवर्ड वेगळा नाही. ज्याला लागेल त्यानं झाकण उघडावं. आंघोळीचा साबण एक चालतो, तर लॅपटॉप का चालू नये, असा आमचा साधा हिशेब.

त्या लॅपटॉपवर मी एक घर पाहिलं. आदिलाबाद शहरात, दोन खोल्यांचं, भाड्याचं.

का पाहिलं, ते सांगते. जैनथकडच्या आमच्या गावातून शहरातल्या शाळेत जायला मला एक ऑटो आणि एक बस लागते. पण हे कारण लोकांना सांगायचं. खरं कारण असं की वीस वर्षांत मी एकदाही गरम चहा प्यालेले नाही. कप तोंडाला लावला की कुणाला तरी माझ्याकडून काहीतरी हवंच असतं. मला एक दार हवं होतं, आतून कडी असलेलं. एवढ्यासाठी बाई घर सोडायला निघाली, हे कुणाला सांगायची लाज वाटत होती. यजमानांनाही सांगितलं नाही. सांगितलं फक्त जाऊबाईंना, मागच्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलताना.

त्या माझ्याहून बारा वर्षांनी लहान. मला ‘ताई’ म्हणतात. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “जा ना ताई. मी कोनाले सांगत नाही.”

एवढंच. विषय संपला.

आता निळ्या बटणाबद्दल. मी मराठी शाळेत शिकवते, पण आम्ही तेलंगणाच्या हद्दीत, म्हणून आमच्याकडे येणारी परिपत्रकं सगळी तेलुगूत. मला तेलुगू अक्षरं ओळखता येतात, लावता येतात, पण पान संपेपर्यंत मधली सुट्टी होते. सीमेवरच्या आम्हा सगळ्या मास्तर लोकांनी त्यावर एक पद्धत काढली आहे. सहीची जागा शोधायची, सही करायची आणि वर्गावर जायचं. आजवर काही बिघडलं नव्हतं. त्या घरांच्या वेबसाइटवर गेले, तर खालून तेलुगू मजकुराची एक पट्टी वर आली. दहा ओळी बारीक अक्षरं, शेवटी एक मोठं निळं बटण आणि त्याच्या शेजारी एक फिकट, जवळजवळ न दिसणारं. निळ्यावर ‘अंगीकरिंचंडी’ असं काहीतरी लागलं. अंगीकार म्हणजे चांगलंच असणार. दाबलं. सहीच ती. मग तासभर घरं पाहिली आणि एकाच घरावर पुन्हा पुन्हा गेले, कारण त्याच्या स्वयंपाकघराला खरंच दार होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे नाश्त्याला बसलो होतो. सासरे निवृत्त शिक्षक. डोळ्यांसमोर आलेली अक्षरं मोठ्यानं वाचायची त्यांची सवय निवृत्तीनंतर वाढली आहे. बसवरची पाटीसुद्धा ते वर्गाला ऐकू जाईल अशी वाचतात. बातम्यांच्या मध्ये जाहिरात आली आणि त्यांनी ती खणखणीत हिंदीत वाचली:

“आपने जो घर देखा था, वह अब भी खाली है. आदिलाबाद, दो कमरे, अलग रसोई.”

‘अलग रसोई’ला त्यांचा आवाज खाली आला. पोहे चावायचे थांबले सगळ्यांचे.

“कोणी पाहिलं घर?” सासऱ्यांनी विचारलं.

मी शिक्षिका आहे. वर्गात असा प्रश्न विचारला की कुणाचं तोंड पाहायचं, हे मला ठाऊक आहे. सासऱ्यांनाही ठाऊक होतं. ते माझ्याकडेच पाहत होते. यजमान ताटाकडे पाहून म्हणाले, “मले तं कोनी काही बोललं नाही बा.”

“मी वाचलं नसतं, तर तू सांगितलं असतंस का?” सासऱ्यांनी मला विचारलं. त्यांनी लॅपटॉप मिटला आणि बातम्या अर्ध्या सोडून उठले.

आता माझ्या अकलेचं प्रदर्शन. जाहिरात आपोआप येते हे मला माहीत होतं, पण माझंच घर, माझंच स्वयंपाकघर? हे कुणीतरी मुद्दाम केल्याशिवाय कसं होईल? माझे दीर जैनथला ऑनलाइन केंद्र चालवतात. दाखले, अर्ज, सगळं तिथं होतं. मी दोन आणि दोन केले आणि बेरीज सात आली. जाऊबाईंनी नवऱ्याला सांगितलं, नवऱ्यानं लॅपटॉपमध्ये काहीतरी घातलं आणि सासऱ्यांच्या तोंडून वदवून घेतलं. मला उघडं पाडायला. दहा वर्षं जिच्या शेजारी भाकरी थापल्या तिनं.

मागच्या अंगणात जाऊबाई कपडे धूत होत्या. मी सरळ जाऊन उभी राहिले.

“काऊन केलं असं? मी तुझ्यावर विश्वास टाकला होता.”

त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं. हातातलं लुगडं तसंच बादलीत सोडलं.

“मी सांगतलं असं वाटते तुमाले?”

“तुझ्याशिवाय कोनाले माहीत होतं?”

“मी माह्या नवऱ्यालेही नाही सांगतलं, ताई. पहिल्यांदाच त्यायच्यापासून काही लपवलं, तेही तुमच्यासाठी.”

मी मागं वळले, तर दीर न्हाणीच्या दाराशी टॉवेल घेऊन उभे. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते बायकोकडे पाहत होते आणि त्यांचं तोंड पडलं होतं. तरीही मला वाटलं, काय अभिनय करतात दोघं.

पुढचे चार दिवस मी दगाबाजीचं दुःख चांगलंच भोगलं. खोटं कशाला सांगू, त्यात एक मजाही असते. आपलंच खरं, आपणच फसलेलो. शाळेत मी दोन मुलींना उगाच रागावले. घरात जाऊबाई मला ‘मॅडम’ म्हणू लागल्या. “मॅडम, भाजी झाली.” “मॅडम, तुमचा डबा.” पण ते दोघं एकमेकांशीही बोलत नव्हते, हे माझ्या लक्षात यायला चार दिवस लागले.

पाचव्या दिवशी दीर बैठकीत आले आणि लॅपटॉप माझ्यापुढं ठेवला. “वहिनी, बसा. तुमी मले चोर ठरवलं ना, आता चोर दाखवतो.”

त्यांनी ब्राउजरच्या सेटिंगमध्ये जाऊन एक यादी उघडली. शेकडो नावं. आमच्या घरातलं कुणी कधी न ऐकलेली.

“ह्या साऱ्या चिठ्ठ्या हायेत. कुकी म्हणतात. तुमी एका साइटवर गेल्या की ते आपली एक चिठ्ठी ह्या लॅपटॉपात ठेवून जाते. काही कामाच्या राहतात. तुमी हजेरी भरता तवा ते तुमाले ओळखते, ते त्या चिठ्ठीनं. पण ह्या पाहा, ह्या जाहिरातवाल्यायच्या. त्या साइटच्या आडून ते बी आपली चिठ्ठी घुसवतात. मंग तुमी नाही तं बाबा बातम्यायवर गेले, तिथंही तोच जाहिरातवाला बसला राहते. आपली चिठ्ठी वाचते आन म्हणते, अरे, यायले घर पाह्यजे होतं.”

“पण घर मला हवं होतं, बाबांना नाही.”

“त्याले का ठाऊक, खुर्चीवर कोन बसलं? ब्राउजर एकच. त्याच्यासाठी आपलं सारं घर एकच मानूस.”

“आणि ह्या चिठ्ठ्या ठेवायला परवानगी कुणी दिली?”

दिरांनी त्या वेबसाइटची पट्टी परत वर आणली. निळं बटण तसंच होतं. “हे ‘सगळं मंजूर’. कोनी दाबलं, वहिनी?”

शेजारचं फिकट बटण नकाराचं होतं. त्याखाली तिसरं, त्यात आत गेलं की एकेक प्रकारची चिठ्ठी निवडून बंद करता येत होती. माझ्या सहीच्या घाईत मी दोन्हींकडे पाहिलंही नव्हतं. दिरांनी अशा आडून घुसणाऱ्या दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या अडवायची सोय चालू केली. खासगी खिडकी दाखवली, जी बंद केली की आतल्या चिठ्ठ्या पुसल्या जातात. शेवटी प्रत्येकाचं वेगळं प्रोफाइल करून दिलं. माझ्या नावापुढं एक चहाचा कप आला. तो त्यांनी मुद्दाम निवडला की सहज, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

त्यांचं झाल्यावर मी एकटीनं जुन्या, सगळ्यांच्या प्रोफाइलमध्ये जाऊन ‘सगळं पुसा’ दाबलं. पश्चात्तापात माणूस जरा जास्तच साफसफाई करतो. परिणाम असा की सासऱ्यांच्या पेन्शनचं, हजेरीचं, सगळ्यांचंच लॉगिन गेलं, आणि अख्खं घर दोन दिवस पासवर्ड आठवत बसलं.

दिरांनी यादी दाखवली त्याच संध्याकाळी मी जाऊबाईंच्या खोलीत गेले. दीरही होते. मी उभ्यानंच म्हणाले, “हिनं माझ्या सांगण्यावरून तुमच्यापासून लपवलं. चूक माझी होती. तुम्हा दोघांवर आळही मीच घेतला.”

दीर म्हणाले, “मले लपवल्याचं काही नाही, वहिनी. मी लॅपटॉपात घालीन असं तुमाले वाटलं, त्याचं वाईट वाटलं.” मग ते बायकोकडे पाहून हलकेच म्हणाले, “तुलेही काही बोललो असन तं सोड.” जाऊबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. चार दिवसांत पहिल्यांदा.

माझ्याकडे मात्र पाहिलं नाही. ओढणीची घडी घालत म्हणाल्या, “घर पाह्यलं त्याचं मले काही नाही. जा तुमी. पन आता पुढची गोष्ट मले एकटीले सांगू नका. सांगाची असली तं साऱ्यायले सांगा.”

मी “बरं” म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

घराचं मी सगळ्यांदेखत सांगितलं. सासरे म्हणाले, विचार करू. विचार अजून चालू आहे. जाऊबाई माझ्याशी बोलतात, डबा भरून देतात, हसतातही. फक्त मी अंगणात शेंगा सोलायला बसले, की त्यांना आत काहीतरी काम आठवतं. सूप मी माझ्याकडे ओढते आणि एकटी सोलत राहते.