पिच म्हणजे अख्खं मैदान

उल्का अमरावतीची. शाळेपासून सॉफ्टबॉल, म्हणजे बेसबॉलचं धाकटं भावंड, खेळलेली; फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारी कॅचर. २०१४ साली ती आयर्लंडात लिमरिकजवळच्या विद्यापीठात एमएस्सीला आली आणि आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहिली. घर माझ्या मुलाचं, ज्ञानेशचं. त्याची नोकरी शॅननला.

विद्यापीठाचं बेसबॉलचं मैदान तेव्हा नुसतं कुरण होतं. पुढच्या वर्षी खेळाडूंना बसायला आडोसा झाला, मग फलंदाजामागे उंच जाळी आली. जाळीचे खांब रोवताना उल्का चिखलात उभी राहून हात लावत होती. नोकरी लागल्यावरही तिथल्या पोरापोरींना ती शिकवत राहिली.

२०१८ मध्ये मैदानप्रमुख डेक्लनने तिला विचारलं, "नव्या कामासाठी उन्हाळ्यात पिच काढलं तर चालेल ना?"

"चालेल की!"

आपल्याकडे क्रिकेटमध्ये पिच म्हणजे मधली पट्टी. तिला वाटलं, चेंडू टाकणारा उभा राहतो तो मातीचा उंचवटा नवा करणार असतील. आयर्लंडात पिच म्हणजे अख्खं मैदान! हे तिला कळलं तेव्हा फाटकाशी खोदायचं यंत्र उभं होतं आणि पाटी लागली होती, कार पार्किंगची.

"तूच हो म्हणालीस," डेक्लन म्हणाला.

"मी उंचवट्याला हो म्हणाले. मैदान काय माझ्या बापाचं आहे, देऊन टाकायला?"

घरी येऊन ती जिन्यातच बसली. "काकू, माझ्या एका शब्दाने पोरांचं मैदान जाणार."

"मग नाही म्हण."

"ऐकणार कोण?"

"यंत्राला कान नसतात. चालवणाऱ्याला असतात."

शनिवारी सकाळी तिने तोंडावर जाळीचा मुखवटा चढवला आणि आपल्या जागी उकिडवी बसली. पोरं जागोजागी उभी राहिली. मीही कडेला खुर्ची टाकली.

"टाक!" उल्का ओरडली.

यंत्रवाला खाली उतरला. "किती वेळ चालतो हो हा खेळ?"

"बेसबॉलला घड्याळ नसतं."

तो खो खो हसला, इंजिन बंद करून चहाचा थर्मास उघडून बसला.

दुपारी डेक्लन तणतणत आला. "संपवता की नाही?"

"गुण बरोबरीत आहेत," उल्का जागची न हलता म्हणाली, "आणि या खेळात बरोबरी चालत नाही."

सोमवारी विद्यापीठाने बैठक बोलावली. मैदान राहिलं, डावीकडची एक कड तेवढी गाड्यांना गेली. तिथे पहिली गाडी डेक्लनने लावली.

उल्काने पोरांना सांगितलं, "डावीकडे मारा."