खाडीनं घेतलेली ओटी

गोव्याला जाऊन आले म्हटलं की आमच्या साखरा गावातल्या बाया आधी विचारतात, "समुंदर बघितला का?" मग पदर तोंडाला लावून दुसरं काहीबाही विचारतात, ते मी इथं लिहीत नाही. मी म्हणते, समुंदर बघितला, पण मला आठवते ती खाडी. ती कुण्या जाहिरातीत दिसत नाही. आणि ती आठवली की मी मनातल्या मनात तिच्या पाया पडते.

आम्ही दोघी गेलो होतो. मी आणि माझी मोठी जाऊ. तिचा लेक तिकडं एका लॉजवर गाडी चालवतो. पाहुण्यांना हिंडवून आणायचं काम. वर्षभर तो फोनवर म्हणत होता, "माय, ये की. काकूला घेऊन ये." सोयाबीन निघालं, हात मोकळे झाले, तसं मी जाऊला म्हटलं, चला, आता शेंगा फोडत बसू नका. दोन गाड्या बदलून, अंग आंबवून पोचलो. भाकरी, ठेचा आणि घरच्या हळदीची पुरचुंडी सोबत होती.

जाऊबद्दल आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ती लग्न होऊन आली त्याच उन्हाळ्यात आमच्या मळ्यातल्या विहिरीनं तळ दाखवला. सासूबाई बोलून गेल्या, पांढऱ्या पायाची आणली. झालं. पुढं काही वर्षांनी मी आले आणि त्याच साली रस्त्याकडच्या बोअरला पाणी लागलं. मी झाले लक्ष्मीच्या पावलांची! मी काय केलं होतं सांगा? उंबरठ्यावरचं माप लवंडलं होतं, तेवढंच. पण गावाला एवढं पुरतं.

तेव्हापासून पेरणीची पहिली मूठ कधी तिच्या हाताची नाही. नवी म्हैस दारात आली की ती मागच्या दारानं निघून जायची. कुणी हाकलत नव्हतं हो, तीच जायची. सासूबाई गेल्या, पण त्यांचा शब्द काही गेला नाही. दुसरी एखादी बाई असती तर तिनं माझा रागराग केला असता. हिनं माझी दोन्ही बाळंतपणं काढली. मला विषमज्वर झाला तेव्हा माझ्या तोंडात पेज घालणारी हीच. माझी सख्खी बहीण एवढं करती का, मला शंका आहे.

गोव्याला निघायच्या आधीच, संक्रांतीनंतर नवीन बोअर घ्यायचं ठरलं होतं. ते ठरलं त्याच रात्री जेवताना ही म्हणाली, "बोअरच्या वक्ताला मी चार दिस शिरड शहापूरला जाऊन येते." शिरड शहापूर तिचं माहेर. काहून जाते, हे घरात सगळ्यांना कळलं. आमच्या मालकांनी मान खाली घालून भाकरी मोडली. माझं मात्र डोकं तडकलं होतं.

तर गोवा. जाऊचा लेक शहाणा. म्हणाला, गर्दीच्या किनाऱ्यावर तुम्हाला नेत न्हाई, तिथं तुमी लाजून मराल. त्यानं आम्हाला आधी जंगलात तांबडी सुर्ल्याला नेलं. झाडांच्या पोटात काळ्या दगडाचं लहानसं महादेवाचं देऊळ, शेजारून ओढा वाहतो. मी म्हटलं, अगं बाई, हे तर आमच्या औंढ्याच्या देवळाचं धाकटं भावंड! जाऊ खांबावर हात फिरवत कितीतरी वेळ उभी राहिली. तिथं गर्दी नव्हती, पुजाऱ्याची घाई नव्हती. ती हसली पण.

दुसऱ्या दिवशी नेत्रावळीला. तिथं देवळासमोर एक तळं आहे, पायऱ्यापायऱ्यांचं. तळातून बुडबुडे वर येतात. पायरीवर उभं राहून टाळी वाजवली की जास्ती येतात म्हणे. मी लेकरासारखी टाळ्या पिटत होते. बुडबुडे येत होते, मी ओरडत होते. बघते तर जाऊ लांब, देवळाच्या सावलीत.

"या की हो! वाजवा टाळी."

"न्हाई गं. मी आले अन् बंद पडलं तर?"

तिचा लेक तिथंच होता. त्यानं मायकडं बघितलं, मग माझ्याकडं. आणि गाडीची काच पुसायला निघून गेला. काच आधीच स्वच्छ होती. त्या पोराचं तोंड बघून मी तिथंच ठरवलं, ही बाई इथून अशीच परत जायची नाही.

तिसऱ्या दिवशी त्याला पाहुणे आले. त्यानं आम्हाला सकाळीच तळपण नदीच्या खाडीवर सोडलं. नदी समुद्राला मिळते त्याच्या थोडं अलीकडं. म्हणाला, इथं कुणी येत न्हाई, सुरूच्या झाडाखाली निवांत बसा, दिवस मावळायला येतो. खरंच कुणी नव्हतं. दगडी पायऱ्या, दोन होड्या, आणि पायऱ्यांना टेकलेलं हिरवंगार पाणी. एवढं पाणी, आणि आवाज म्हणून नाही! आमच्याकडं एवढं पाणी दिसलं तर अर्धं गाव मोटार घेऊन धावेल.

आमच्यात नवं पाणी बघितलं की ओटी भरतात. नदी असो, तळं असो, ती बाईच. मी पिशवीतून खण, नारळ, तांदूळ आणि हळद काढून जाऊच्या हातात दिली. तिनं हात मागं घेतले.

"तू भर. तुझा पाय चांगला हाय."

"माझ्या पायाचं कौतुक पुरे," मी म्हटलं. "हे पाणी तुमच्या लेकराला पोसून राहिलं. माय तुमी का मी? लेकराच्या पाण्याची ओटी काकूनं भरायची असते व्हय?"

हे तिला लागलं. लेकाचं नाव घेतलं की ती नाही म्हणू शकत नाही, हे मला ठाऊक होतं. तिनं चपला काढल्या. पदर डोक्यावर घेतला. एक पायरी उतरली, थांबली, माझ्याकडं वळून बघितलं. मग दुसरी. घोटाभर पाण्यात उभं राहून तिनं आमच्या मळ्यातली हळद पाण्याला लावली, तांदूळ सोडले, खण-नारळ सोडला, हात जोडले. लेकाचं नाव पुटपुटली.

मग आम्ही सुरूच्या झाडाखाली भाकरी खाल्ली. वारा असा की डोळा लागला. उठलो तेव्हा दुपार कलली होती. तोंड धुवायला पायऱ्यांकडं आलो.

पाणी नव्हतं.

पायऱ्यांखाली काळा चिखल. होड्या कुशीवर पडलेल्या. लांब मधोमध पाण्याची एक पट्टी, तीही उथळ. आणि चिखलात आमचा नारळ रुतून बसलेला, खण एका खुंटाला अडकलेला.

आता तुम्ही हसाल. भरती-ओहोटी मीही शाळेत पाठ केली होती, घडाघडा म्हणून दाखवली होती. पण पाठ केलेलं असं समोर आलं तर ओळखू आलं पाहिजे ना! माझं माहेर आखाडा बाळापूरकडचं. तिथं कालव्याला पाळीनं पाणी सोडतात. पाळी संपली की पाणी जातं, आणि गेलेलं पाणी पुन्हा कधी येईल ते कुणी सांगत नाही. माझ्या डोक्यात तेच आलं, वर कुणीतरी गेट बंद केलं. आम्हा कोरडवाहू माणसांना पाणी जाणं एकाच तऱ्हेचं माहीत.

जाऊ पायरीवर मटकन बसली. "बघ. घेतली न्हाई तिनं ओटी. इथंबी माझा पाय लागला." आणि मग हळू आवाजात, "पोराची रोजी हाय गं ह्या पाण्यावर." मी तिला इथं आणलं, मीच पायरी उतरायला लावली. मी शेजारी टेकून तिची पाठ चोळत राहिले.

तेवढ्यात चिखलातून एक बाई आली. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, कमरेला टोपली. टोपलीत शिंपल्या होत्या. तिनं जाऊला रडताना बघितलं आणि विचारलं, "रडटा कित्याक?" मी जमेल तसं हिंदी-मराठीत सांगितलं, आम्ही ओटी भरली आणि पाणी निघून गेलं.

ती बाई आधी आमच्याकडं बघतच राहिली. मग हसली, पण वाईट हसली नाही. "आतां सुकती आसा," ती म्हणाली. "मागीर भरती येतली. उदक वता आनी येता. सदांच." हातानं दाखवलं, सुकतीला पाणी गेलं, भरतीला आलं. मग टोपली वाजवून तिनं सांगितलं ते आम्हाला एवढं कळलं, की पाणी जातं तेव्हाच तिला शिंपल्या वेचता येतात, पाणी गेलं म्हणूनच तिच्या घरी चूल पेटते.

हात्तिच्या! माझा जीव भांड्यात पडला. मी हसायला लागले. जाऊ हसली नाही. तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "रोज जातं? कुणी आलं न्हाई तरी जातं?"

"सदांच," ती बाई म्हणाली आणि पुन्हा चिखलात वाकली.

"मग मी बघूनच उठते," जाऊ म्हणाली.

आणि बसली. मी म्हटलं ऊन लागेल, नाही उठली. मी म्हटलं च्या पिऊ, नाही उठली. कितीतरी वेळ काही झालं नाही. मग चिखलातल्या बारक्या भोकांत पाणी भरायला लागलं. पट्टी रुंद झाली. एक होडी सरळ झाली. पाणी येत होतं, कुणी न बोलावता. नारळाच्या बुडाशी आलं, नारळ हलला, उचलला गेला, आणि गोल फिरत आतल्या अंगाला निघून गेला.

"घेतली गं," जाऊ म्हणाली. "घेतली तिनं."

ती उठली नाही. पाय खालच्या पायरीवर तसेच ठेवले. पाणी तिच्या बोटांना लागलं, मग घोट्याला. तिचा लेक आला तेव्हा माय पाण्यात पाय सोडून बसलेली. त्यानं पायजमा दुमडून तिच्या शेजारी पाण्यात पाय सोडले.

ह्या सगळ्यात त्या शिंपलेवालीला साधं कुंकूसुद्धा लावायचं राहिलं. अजून माझ्या जिवाला लागतं ते. देव तिची टोपली भरलेली ठेवो.

संक्रांतीनंतर बोअरची गाडी आली. जाऊ शिरड शहापूरला गेली नाही. मी तिला काही म्हटलं नव्हतं, देवाशपथ. सकाळी ती नवं लुगडं नेसून मळ्यात आली, आणि नारळ तिनं फोडला. लोक एकमेकांकडं बघत होते. मशीन दिवसभर धडधडत राहिलं. धुरळा निघाला, पांढरा फक्क धुरळा, आणि शेवटपर्यंत धुरळाच निघाला. बोअर कोरडं गेलं.

मशीन बंद पडलं. मी जाऊकडं बघायला घाबरत होते. वाटलं, आता ही मागच्या वाटेनं निघून जाणार.

ती धुरळ्यानं पांढरी झालेली, तिथंच उभी होती. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं मला म्हणाली, "जमिनीतच न्हाई, तर मी काय करू? आन् तू बी हितंच उभी होतीस की गं. तुझ्या पायाला तरी पाणी कुठं लागलं?"

मला एवढं हसू आलं की मी खालीच बसले. हसता हसता रडायला आलं. तिनं मला हाताला धरून उठवलं, आणि आम्ही दोघी समोरच्या वाटेनं घरी आलो.