पाळकसाहेबांचं पान

पत्नी गेल्यानंतर आठ महिने मी देवाशी बोललो नव्हतो. भांडण असं काही नव्हतं. देव्हाऱ्यातला दिवा एक दिवस लावायचा राहिला, दुसऱ्या दिवशीही राहिला, आणि मग त्याची लाज वाटायचीही थांबली. अलोऱ्याच्या वसाहतीतली खोली शैलाशिवाय नकोशी झाली होती, म्हणून रत्नागिरीला बदली मिळाली तेव्हा मी निमूटपणे निघालो. दोन हजार साल नुकतंच सरलं होतं. कचेरीतला शिपाई शनिवारी दुपारी स्टँडवर घ्यायला येईल आणि राहायची सोय दाखवेल, एवढाच निरोप होता.

एस.टी.तून उतरलो, तर कडक इस्त्रीचा सदरा घातलेले सत्तरीचे एक गृहस्थ सरळ माझ्यासमोर आले. "पाळक ना आपण?" गाड्यांच्या गोंगाटात मला माझं आडनावच ऐकू आलं. "हो, पाळकर," मी म्हणालो. त्यांनी माझी बॅग जवळजवळ हिसकावूनच घेतली. हे काही शिपाई वाटेनात, म्हणजे घरमालकच असणार असं मी धरून चाललो. रिक्षात ते दर वाक्याला "पाळकसाहेब" म्हणत होते आणि मी "पाळकर साहेब" ऐकत होतो. पाटबंधारे खात्यातल्या आरेखकाच्या वीस वर्षांच्या नोकरीत मला कुणी साहेब म्हटलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. ख्रिस्ती लोक आपल्या धर्मगुरूंना पाळक म्हणतात आणि उपासनेला जमणाऱ्या भाविकांना मंडळी, हे मला ठाऊकच नव्हतं.

त्या गृहस्थांचं नाव शांतवनकाका. "अलोऱ्याहून आलो" असं मी सांगताच त्यांनी विचारलं, "तिथं मंडळी कशी होती?"

बायकोची चौकशी इतक्या लवकर होईल असं वाटलं नव्हतं. "फार चांगली होती," मी म्हणालो. "आठ महिन्यांपूर्वी गेली."

"सगळी?"

"एकच होती हो."

काका माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. इथं चाळीस-पंचेचाळीस आहे मंडळी. सगळी तुमचीच."

मी रिक्षाचा दांडा घट्ट धरला. रत्नागिरीबद्दल हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

घरी पोचलो तेव्हा तळलेल्या बांगड्याचा वास अंगणापर्यंत आला होता. भिंतीवर क्रूस होता. घरमालक ख्रिस्ती आहेत, एवढाच मी त्याचा अर्थ लावला. काकांच्या पत्नी रूथकाकूंनी ठेवणीतल्या बश्या काढल्या होत्या. सगळं वाढून झालं आणि त्या म्हणाल्या, "पाळकसाहेब, प्रार्थना आपणच करा."

पाहुण्याने प्रार्थना करायची यांच्यात रीत असेल, असं वाटून मी हात जोडले. शाळेत जेवणाआधी म्हणायचो तो श्लोक ओठांवर आला, पण सुरुवातच आठवेना. ती दोघं डोळे मिटून थांबली होती. मग आपोआपच बोललो, "देवा, आठ महिने तुझ्याशी बोललो नाही. काय बोलायचं तेच कळत नव्हतं. शैलाला सांभाळ. आणि कुणावर एकट्याने जेवायची वेळ आणू नकोस." काकांनी जड आवाजात "आमेन" म्हटलं, आणि काकूंनी पदराने डोळे पुसले.

तेवढ्यात फोन वाजला. काका उभ्यानेच ओरडू लागले, "कोण? पाळक? मग इथं जेवायला बसलेत ते कोण?"

झालं होतं असं, की आमच्या शिपायाने स्टँडवर बॅगवाल्या एका तरुणाला "पाळकर का?" असं विचारलं होतं, आणि खऱ्या पाळकांनी भाबडेपणाने हो म्हटलं होतं. आता आमच्या साहेबांनी त्यांना टेबलाशी बसवून कालव्याचा आराखडा काढायला दिला होता.

माझ्या कानांत एकदम गरम वारं शिरल्यासारखं झालं. "माफ करा, मी ख्रिस्ती नाही, पाळकही नाही," असं काहीतरी पुटपुटत मी बॅग उचलली आणि दारात चपला शोधू लागलो. पायात आली ती काकांची चप्पल.

"कुठं चाललास?" काकू मागून म्हणाल्या. घटकेपूर्वी मी "आपण" होतो.

"हे पान तुमच्या पाळकांसाठी होतं."

"येणाऱ्यासाठी होतं. आलास तू. त्यांना दुसरं वाढीन."

"पण मी तुमच्यातला नाही, काकू."

"अरे, बांगडा निवला की तो कुणातलाच राहत नाही. बस खाली."

मी परत येऊन बसलो.

अर्ध्या तासाने खरे पाळक रिक्षाने आले. ते किडकिडीत अंगाचे होते, आणि त्यांच्या हातात माझ्याच खोलीची किल्ली होती. शेजारी बसून पोटभर जेवले. काकांकडून रिक्षातलं बोलणं ऐकून मंडळीचा घोटाळा त्यांनी उलगडून सांगितला तेव्हा काका हसता हसता ठसकले. मग शैला कोण ते काकूंच्या लक्षात आलं. त्यांनी काही विचारलं नाही, फक्त आणखी एक तुकडी माझ्या ताटात वाढली. त्या दुपारी त्यांच्या पडवीत मला गाढ झोप लागली, तशी कित्येक महिन्यांत लागली नव्हती.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी त्यांच्या चर्चमध्ये जाऊन मागच्या बाकावर बसलो, तर काकूंनी हाताला धरून पुढे नेलं आणि आजूबाजूच्यांना सरकून बसायला लावलं. गीतं येत नव्हती. सगळे उभे राहिले की उभा राहायचो, बसले की बसायचो, आणि एकदा चुकून एकटाच उभा राहिलो. कुणी हसलं नाही. म्हणजे हसले, पण जागा करून देत हसले. खोलीवर आल्यावर मी बॅगेतून आणलेला छोटा देव्हारा पुसला आणि दिवा लावला. पुढे कैक रविवार गेलो. तू आमच्यातला कधी होणार, असं कुणी विचारलं नाही. एखादा रविवार चुकला, तर बरं वाटत नाही का, एवढंच विचारायचे.

या सगळ्याला चमत्कार म्हणावं का, मला सांगता येत नाही. दोन माणसांनी दोन नावं चुकीची ऐकली, एवढंच घडलं. पण देवाला शरण जाणं म्हणजे मोठं काहीतरी सोडून देणं असतं, अशी माझी समजूत होती, आणि सोडून द्यायला माझ्याकडे काही उरलंच नव्हतं. त्या दिवशी कळलं, की आपल्या नसलेल्या घरात कुणी बस म्हटलं, तर वाद न घालता बसावं. तेवढं तरी मला जमलं, याबद्दल मी देवाचा आणि रूथकाकूंचा फार ऋणी आहे.