भूपेंद्रच्या वाट्याचं फटाणं

सुंदरबाईंच्या जिभेला हाड नाही, असं त्यांच्या गावातले लोक म्हणत, आणि म्हणताना मान अशी हलवत की जणू गावाला एखादं धरणच मिळालंय. तापीकाठच्या गुजर घरांत लग्न ठरलं की आधी आचारी सांगायचा, मग मांडववाला, आणि या दोघांच्याही आधी सुंदरबाईंना निरोप जायचा. कारण फटाणं गायला त्याच लागत.

फटाणं म्हणजे शिव्याच, पण गाऊन दिलेल्या. वरपक्षाची पंगत बसते, वधूपक्षाच्या बायका ओट्यावर दाटीवाटीने बसतात आणि एकेका व्याह्याचं नाव घेऊन त्याची अब्रू चव्हाट्यावर मांडतात. ज्याचं नाव निघालं त्याने मान खाली घालून ऐकायचं, हसायचं, आणि मगच पहिला घास तोंडात घालायचा. नाव निघेपर्यंत ताटाला हात नाही. वरण-बट्टीवरचं तूप थिजलं तरी चालेल. ज्याचं नावच निघालं नाही तो वऱ्हाडी नव्हे, रस्त्याने जाताना जेवायला थांबलेला माणूस.

सुंदरबाई सासूकडून हे शिकल्या. सासू त्यांना म्हणायची, 'शिवी देनी सोपी शे, नात्यामा देनी कठीण शे.' ज्याच्या घरी पोर द्यायची त्यालाच फटाणं द्यायचं. त्याच्या पोटावर गावं, टकलावर गावं, कंजूषपणावर गावं, पण ज्याच्याशी नातं जोडायचं नाही त्याला उद्देशून तोंड उघडायचं नाही. सुंदरबाईंनी हे इतकं पाळलं की भावकीतल्या भांडणातसुद्धा त्या फटाण्याचा सूर लावत नसत. त्यांचे यजमान भाईदास आबा सांगायचे, 'मन्हासंगे भांडस तवय साध्या शिव्या देस, चालवर नही.' हे ते तक्रार म्हणून सांगायचे की कौतुक म्हणून, ते कधी कळलं नाही.

नदीपल्याड गुजरात. निझर, कुकरमुंडा इकडच्या लग्नांतही त्या जायच्या. तिथे बोली थोडी वळायची, पण 'याही उना मोटरमा, त्यानं पोट उनं ट्रॅक्टरमा' म्हटलं की दोन्ही राज्यांतले व्याही सारखेच लाजायचे. त्यांना कुणी कुठल्या हद्दीवर अडवलं नाही.

शेजारच्याच गावचा भूपेंद्र कॅनडात जाऊन कॉम्प्युटरमध्ये मोठा झाला होता. तो एका हिवाळ्यात आला. तिकडे गेल्यावर माणूस शुद्ध मराठी बोलायला लागतो, तसा तोही लागला होता. म्हणाला, 'मावशी, ही कला जपली पाहिजे. तुमच्यानंतर कोण गाणार?' अंगणात बाजेवर बसून त्याने आठवडाभर सुंदरबाईंना गायला लावलं. कापूस वेचायचे दिवस होते, तरी त्या बसल्या. रोज त्याला कळण्याची भाकरी आणि मिरच्यांचा ठेचा करून घातला. जाताना तो पाया पडला, आणि सुंदरबाईंनी त्याला तोंडभरून आशीर्वाद दिला. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा माणूस वाकून नमस्कारही छान करतो, हे त्यांना पुढे कळलं.

भूपेंद्रने त्या आवाजाचं यंत्र केलं. फोनवर हवे ते शब्द लिहायचे, यंत्र ते सुंदरबाईंच्या आवाजात गाऊन द्यायचं. आधी गंमत वाटली. कुणी वाढदिवसाला गाऊन घेतलं, कुणी साड्यांच्या दुकानाच्या जाहिरातीला. मग लग्नांत डीजेवर तेच वाजायला लागलं आणि सुंदरबाईंचं बोलावणं कमी झालं. त्याचंही त्यांनी फार मनाला लावून घेतलं नाही. वय झालं होतं, गुडघे दुखत होते.

मग सरहद्दीवर तणातणीचे दिवस आले. टीव्हीवर दिवसभर आरडाओरडा. त्याच दिवसांत भूपेंद्रने तिकडे कॅनडात बसून एक फटाणं बनवलं, सरहद्दीपलीकडच्या बायकांवर. ते इतकं घाण होतं की सुंदरबाईंच्या घरातल्या पुरुषांनी ऐकता ऐकता फोन पालथा ठेवला. आवाज सुंदरबाईंचा. खाली त्यांचा फोटो, बाजेवरचा, आणि त्यांचं नाव-गाव. लाखो लोकांनी पाहिलं. नंदुरबारच्या बाजारात भाजीवाल्याने सुंदरबाईंना ओळखून कोथिंबीर फुकट दिली. त्यांनी ती तिथेच ठेवली आणि घरी आल्या.

पुतण्या हेमकांतची धाकटी मुलगी दीपमाला कुणीकुणी पुढे धाडत तिच्यापर्यंत आलेला एक व्हिडिओ त्यांना दाखवायला घेऊन आली. पलीकडची कुणी म्हातारी होती. मातीचं अंगण, मागे शेळी, मांडीवर पालथा माठ. माठावर बोटं मारत ती गात होती. बोली सगळी कळत नव्हती, पण अर्धी गुजरातीसारखी होती आणि अर्धी सुराने कळत होती. शिवी एकही नव्हती. ती विचारत होती, बहिणी, तू आमच्या कुठल्या घरात लेक दिलीस? आमच्या कुठल्या मुलाला जावई केलंस? नाही दिलीस, तर आमच्या मायबहिणींवर तोंड कशाला टाकलंस?

सुंदरबाईंनी ते परत लावायला सांगितलं, आणि परत. जन्मात त्यांना कुणी फटाण्यात हरवलं नव्हतं. ही हरवून गेली, आणि खरं बोलून हरवून गेली. त्या बाईलाही कुण्या सासूने तेच शिकवलं असणार. तिच्या डोळ्यांत सुंदरबाई ही नातं नसताना शिवी देणारी निर्लज्ज बाई होती. त्यांना लाज वाटली, आणि लाजेच्या पाठोपाठ असा राग आला की हातातली वाटी त्यांनी भिंतीवर मारली.

त्यांनी भूपेंद्रला फोन लावायला लावला. 'भूपेंद्र, हाई मी नही म्हटं.'

'मावशी, तुम्ही नाहीच म्हटलं. आवाजाच्या मॉडेलने म्हटलं,' तो म्हणाला. 'तुम्ही कशाला टेन्शन घेता?'

'मंग मन्हं नाव काढी टाक.'

'आता काढून काय उपयोग? हजारो लोकांनी उतरवून घेतलंय. आणि देशासाठी गायलाय तुमचा आवाज. अभिमान वाटायला पाहिजे.'

'देश मन्हा बी शे,' सुंदरबाई म्हणाल्या. 'पन तोंड मन्हं एकलीनं शे.'

तो हसला आणि मीटिंग आहे म्हणाला. सात समुद्रांपलीकडे बसून दुसऱ्याच्या तोंडाने शिव्या द्यायला छाती लागत नाही, हे सुंदरबाईंना सांगायचं होतं, पण फोन बंद झाला होता. त्या दिवसापासून त्या देवाजवळ दिवा लावताना एकच मागायच्या, हा माणूस मला एकदा समोर बसलेला सापडू दे.

देवाने ऐकलं, असं म्हणायला हरकत नाही. हेमकांतची थोरली मुलगी मयूरी हिचं लग्न ठरलं, आणि ठरलं कुणाशी तर भूपेंद्रच्या मुलाशी. मुलगा चांगला होता, पुण्यात नोकरीला, बापाच्या यंत्राशी त्याचा काही संबंध नव्हता. भूपेंद्र आता व्याही होणार, पंगतीत बसणार. सुंदरबाई त्या रात्री शांत झोपल्या.

हेमकांतला मात्र झोप नव्हती. तो काकूचा स्वभाव ओळखून होता. हळदीच्या दिवशी त्याने हात जोडले. 'काकू, पोरना सवाल शे. भूपेंद्रले लागी असं काही म्हनू नका.'

'मी त्याले एक बी वाकडा सबद बोलाव नही,' सुंदरबाई म्हणाल्या.

हेमकांतला हायसं वाटलं. पण गावाला हे वचन ठाऊक नव्हतं. गावात तर पैजाच लागल्या होत्या की सुंदरबाई भूपेंद्रची चामडी कशी सोलणार. लग्नाच्या दिवशी पंगत बसली तेव्हा ओट्यासमोर फोन धरून इतकी पोरं उभी होती की वाढप्यांना वाट मिळेना. दीपमालाही फोन धरून पुढे होती. भूपेंद्र पहिल्या पाटावर, फेटा बांधून, शेजारी त्याची म्हातारी आई फुलवंताबाई. तोही तयारीत आला होता, कारण जितकं जहरी फटाणं तितका व्याह्याचा मान मोठा. सुंदरबाई आपल्याला फाडणार आणि तो व्हिडिओ जगभर जाणार, या विचाराने त्याच्या चेहऱ्यावर तेज होतं.

सुंदरबाईंनी सूर लावला. रीत अशी की पहिलं नाव नवरदेवाच्या बापाचं. त्यांनी ते ओलांडलं आणि नवरदेवाच्या काकाला धरलं. काकाच्या मिशीवर चार ओळी गेल्या, काका हसला, बट्टी फोडली. मग मामा, मग आतेभाऊ, मग मुंबईचा मेव्हणा, ज्याला वांग्याची भाजी नुसती बघूनच तिखट लागत होती. नवरदेवालाही दिलं, आणि ते इतकं मायेचं की मयूरीच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रत्येक नावाला पंगत हसली, प्रत्येक नावागणिक एक हात ताटात गेला. फुलवंताबाईंच्या बोळक्यावरही एक ओळ झाली आणि म्हातारी खूश होऊन वरण भुरकायला लागली.

मग सुंदरबाई थांबल्या. पदर सारखा केला, चंची सोडून सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि तोंड मिटलं.

पहिल्या पाटावर भूपेंद्रचा हात मांडीवर होता. सगळी पंगत जेवत होती. हळूहळू लोकांच्या ध्यानात आलं, हसणं विरलं आणि भांड्यांचा आवाज तेवढा ऐकू यायला लागला. हेमकांत धावत ओट्याशी आला, कानाशी वाकला. 'काकू, एकच वळ म्हना.'

'मन्हा आवाज त्यानाजोडे शे,' सुंदरबाई सुपारी गालात सारून म्हणाल्या. 'मन्हाजोडे काय ऱ्हायनं?'

वाकडा शब्द बोलणार नाही हे वचन त्यांनी पाळलं होतं. सरळही बोलल्या नव्हत्या. त्यांना खूप बरं वाटत होतं. इतकं की आपण वाईट बाई आहोत की काय, अशी शंका मनात येऊन गेली, आणि असलो तर असलो असं म्हणून त्यांनी ती सोडून दिली.

भूपेंद्र या वेळी गप्प बसला असता तरी अर्धी अब्रू राहिली असती. पण शहाणपण शिकलेल्याला गप्प बसणं जमत नाही. तो मोठ्याने हसून म्हणाला, 'मावशी थकल्या वाटतं. काही हरकत नाही, आपल्याकडे सोय आहे.' त्याने फोन काढला, स्वतःचं नाव लिहिलं आणि डीजेवाल्याला जोडायला सांगितलं.

स्पीकरमधून सुंदरबाईंचा आवाज आला. व्याही भूपेंद्र असा, व्याही भूपेंद्र तसा, सूर चोख, ताल चोख, वर झील धरायला बायकांचा घोळका सुद्धा. शिव्याही बेतानेच होत्या, कारण लिहिणारा स्वतःच होता. कुणी हसलं नाही. पंगतीतला माणूस न् माणूस वळून ओट्याकडे पाहत होता. तिथे सुंदरबाई सुपारी चघळत बसल्या होत्या, ओठ मिटलेले, आणि त्यांचाच आवाज मांडवभर फिरत होता.

'बंद कर रे ते,' फुलवंताबाई म्हणाल्या. 'सोतानं फटाणं सोता कोन म्हनी लेस?'

भूपेंद्रने फोन बंद केला. त्याचे कान लाल झाले होते.

पंगत उठली. भूपेंद्र मात्र ताटापुढे तसाच बसून राहिला, कारण उठून जावं तर सगळा समाज बघत होता. सुंदरबाईंनी दीपमालाला जवळ बोलावलं. 'तुन्हा फोनमा हाई उनं का? मन्हं तोंड बंद शे ते दिखस का?'

'चांगलं दिखस, आजी.'

'मंग ते माठवाली बाईले धाड.'

दीपमाला घुटमळली. 'नही जावाव, आजी. तिकडला खाता आपलाकडे बंद करेल शेतस. परदेशना फोनवरतीन जास. भूपेंद्रकाकाना फोनमा बठं दिखस.'

सुंदरबाई ओट्यावरून उतरल्या. गुडघ्यावर हात ठेवत भूपेंद्रच्या समोरच्या रिकाम्या पाटावर बसल्या. दीपमालाने व्हिडिओ त्याच्या फोनवर टाकला.

'हाई तिले धाड,' सुंदरबाई म्हणाल्या. 'खाले लिख, आवाज मन्हा शे, तोंड बी मन्हं शे. कोन म्हटं ते देखी ले, बहीण.'

भूपेंद्रने व्हिडिओ पाहिला. त्यात त्याचा फेटा होता, समोर भरलेलं ताट होतं आणि तो स्वतःच्या शिव्या स्वतः वाजवत होता. 'मावशी, यात माझं हसं होतंय,' तो हळू आवाजात म्हणाला. 'माझं काम यावर चालतं. हे बाहेर गेलं तर यंत्रावर कोण विश्वास ठेवील?'

'हा,' सुंदरबाई म्हणाल्या. 'कोनी ठेवाव नही.'

त्याने आईकडे पाहिलं. फुलवंताबाईंनी मान दुसरीकडे फिरवली. मग त्याने नवरदेवाकडे पाहिलं, तर मुलगा खाली बघत होता. भूपेंद्रने सुंदरबाईंचे शब्द जसेच्या तसे लिहिले, त्या बाईचं खातं शोधलं आणि अंगठा दाबला. दीपमालाने वाकून खात्री केली. गेला होता.

तो सुंदरबाईंकडे बघत राहिला. हात मांडीवरच होता. ताटातली बट्टी केव्हाच दगड झाली होती आणि वांग्याच्या भाजीवर तेल गोठलं होतं. त्याला एक ओळ हवी होती, कसलीही, टकलावर, पोटावर, कॅनडावर. भोवतीच्या बायकाही झील धरायला श्वास घेऊन थांबल्या.

सुंदरबाईंनी सुपारी थुंकली, पदराने तोंड पुसलं. 'जेवी ले भूपेंद्र,' त्या चाल न लावता, साध्या आवाजात म्हणाल्या. 'भूक लागनी व्हई.' आणि त्या उठून बायकांच्या पंगतीत जेवायला गेल्या.