सातपूरच्या बोकडाचं शेपूट

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. घोटीतल्या आमच्या मटणाच्या दुकानात नुसत्या माशा, आणि धाकट्या जावेच्या सातपूरच्या दुकानापुढं म्हणे रांग. गावात कुणीतरी उठवलं होतं, आम्ही बोकडात मेंढी मिसळतो. दुकान आज बंद पडतंय का उद्या, अशी गत. शेवटी एका रविवारी मालकांना म्हणलं, "तुम्ही बसा गल्ल्यावर. ती काय मंतर घालते ते मी बघून येते."

सकाळची एस्टी धरली. तुम्ही गेलात तर उजव्या खिडकीला बसू नका, नाशिक येईस्तोवर ऊन डोळ्यात जातं. तिथून सातपूरची बस. स्टँडवरचा चहा म्हणजे गोड पाणी, पैसे वाया.

रांग खरीच होती. रात्रपाळी सुटलेले कंपनीवाले पिशव्या घेऊन उभे. मी रांग डावलून थेट पुढं गेले.

"आक्का, या की. वाळलात हो," जाऊ म्हणाली.

"तू मात्र भरलीस," मी म्हणलं.

खोट काढायला मटणाचा वास घेतला. ताजं होतं मेलं. मग वर बघितलं. सोललेला बोकड आख्खा टांगलेला, शेपूट केसांसकट तसंच. बोकडाचं शेपूट आखूड, मेंढीचं लोंबतं; आंधळ्यालाही कळावं. शेवटचं गिऱ्हाईक जाईस्तोवर ती ते कापत नव्हती. मी इकडं गिऱ्हाइकाचा खोळंबा नको म्हणून पहाटेच तुकडे करून ओल्या फडक्याखाली झाकायची.

तेवढ्यात रांगेत आमच्या घोटीचे गुरुजी दिसले. मला सांगितलेलं, माळ घातली, मटण सोडलं.

"गुरुजी, माळ कुठं ठेवली?"

पिशवी मागं लपवत म्हणाले, "वहिनी, खरं सांगू? तुमच्याकडं मटण दिसतं, बोकड दिसत नाही."

जाऊ हसली नाही. हसली असती तर भांडता तरी आलं असतं.

दुपारी तिनं काळ्या मसाल्याचा रस्सा आणि भाकरी वाढली. मीठ जास्त झालंय म्हणलं, आणि दोनदा मागून घेतला.

पुढच्या रविवारी घोटीत आमचाही बोकड आख्खा टांगला, शेपटासकट. उशिरानं गुरुजी आले. आधी शेपूट बघितलं, मग मला. अर्धा किलो घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आता कसं, अगदी सातपूरसारखं."

दुकान तगलं. नाव मात्र तिचंच झालं. अजूनही कुणी तिकडं निघालं की मी सांगते, जा बापा, पण तिचा रस्सा खारट असतो.